हमीदाबूबूची वाटी

हमीदाबूबू कोणाले आधी नाव इचारत नव्हती. एसटीतून उतरली का काचेच्या चुड्याची पेटी डोक्यावर, अन् ज्या अंगणात सावली दिसन तिथी फतकल मारून बसे. बाई समोर आली का म्हणे, "हात दे." हात दोन्ही हातात घेऊन दाबे, अंगठ्याचं हाड आत ढकले, अन् पेटीकडं न पाहता चुडी काढे. ती बरोबर बसे. मंग म्हणे, "आता नाव सांग. पह्यले हाड, मंग नाव."

माहा हात तिनं पह्यल्यांदा धरला तवा मी ऊसतोडीहून आलती. उसाच्या पाचटानं चिरून चिरून हाताचं खरबड झालतं. ती म्हणे, "हा हात हाय का करवत? माही चुडीच कापून जाईन." साऱ्या बाया हासल्या. मले राग आला, मी हात आखडला, अन् चुडी तडकली. तिनं काचेचे तुकडे वेचले अन् बिलकुल न चिडता बोलली, "काच नाई फुटत बाई, अकड फुटते. हात ढीला छोड, मी हाओ ना." मी हात ढिला सोडला. हिरवी चुडी अशी गेली जशी पाण्यातून मासोळी. तवापासून ती माही मैतरीण.

ती मंगरूळपीरची, दर्ग्याच्या मांगं तिचं घर. नवरा कवाच गेला होता, एक पोरगी होती, तिलेच घेऊन राहे. आवाज असा का पलीकडच्या गोठ्यातली म्हैस मान फिरवे. एकदा कंडक्टरनं तिची पेटी मांगं सरकवली त तिनं पूरा रस्ता त्याची वरात काढली. दुसऱ्या फेरीले तोच खाली उतरून पेटी उचलाले आला. कोणी तिले काई मोठेपणा देला का ती म्हणे, "मी चुडीवाली. डाक्टर नाई, पुढारी नाई. माह्याजोळ फक्त कान हाय, अन् तुमचा हात माह्या हातात हाय."

आता आमच्याकडचं सांगतो. दिवाळी झाली का आमच्या खेड्यातली अर्धी घरं ऊसतोडीले जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. जाच्या आधी बैलाच्या खुराले नाल ठोकाचा, कोयत्याले धार लावाची, अन् बायकोच्या पोटात दुखत असन त तिची पिशवी काढून टाकाची. पिशवी म्हंजे गर्भपिशवी. पिशवी गेली का पाळी गेली, पाळी गेली का खाडा, म्हंजे कामाची सुट्टी अन् तिचा दंड, गेला. मुकादम खूश, नवरा खूश. उसाच्या फडात ना मोरी ना आडोसा. कपडा पाटाच्या गढूळ पाण्यात धुवाचा, अन् कोणाले दिसू नये म्हणून ओल्या लुगड्याखाली वाळवाचा. तो वाळेच नाई, तसाच पुन्हा घ्याचा. मंग रोग होईन नाई त काय होईन.

माहीबी पिशवी तशीच काढली, ऐन तरणेपणी. दुखलं. झोपली. उठली. कामाले लागली. कोणी इचारलं नाई, मी सांगितलं नाई.

ती वाटी आमच्या गावात आली तवाची गंमत सांगतो. शहरातून एका संस्थेच्या दोन पोरी आल्या होत्या, चांगल्या पोरी, गोड बोलणाऱ्या. त्यायनं पंचायतीच्या हाफिसात बाया बोलावल्या. समोर खुर्चीवर सरपंच बसलेला. पोरीनं पिशवीतून एक रबरासारखी नरम इवलीशी वाटी काढली अन् सांगाले लागली का पाळीत हे आत ठेवाचं, रगत ह्याच्यात जमा होते, सांडून, धुवून पुन्हा ठेवाचं, कपडा लागत नाई, किती तरी वरसं चालते. बायायनं पदर असे ओढले का एकीचं नाक दिसे नाई. एक उठली, तिच्या मांगं दुसरी, अन् हाफिस रिकामं.

हमीदाबूबू भाईरच्या पाराखाली चुड्या भरून राह्यली होती. पोरगी रडकुंडीले येऊन तिच्याजोळ बसली. बूबूनं ती वाटी हातात घेतली, दाबली, दुमडली, सोडली. ती टपकन उघडली. बूबूचे डोळे असे चमकले जसं लहान लेकराले खेळणं भेटलं. म्हणे, "बेटी, ही गोष्ट खुर्चीसमोर नाई होत. दे माह्याजोळ. माह्या पेटीत राहीन." पह्यले तिनं आपल्या पोरीले वापराले लावली. पोरगी म्हणे, "अम्मी, मी त भूलच गेली का मले आली हाय." मंग काय, बूबूच्या पेटीत लाल, हिरव्या, सोनेरी चुड्याच्या खाली कपड्यात बांधून वाट्या बसल्या.

बूबू बायायले बोलती करे कशी, ते पाहाले पाह्यजे होतं. चुडी हाडावर आणून थांबे. अर्धी आत, अर्धी भाईर. बाईनं हात ओढला त चुडी फुटन, उठली त चुडी फुटन. तवा हळूच म्हणे, "पाळी कशी येते वं?" बाई लाजे. बूबू म्हणे, "लाज ना. मले कुठी घाई हाय?" बाई बोलल्याशिवाय चुडी सरके नाई.

माही सून रेखा. माहा पोरगा संतोष अन् ती दरसाल कोयता धरतात. एक लहान पोरगी हाय त्यायले. एका हंगामात रेखा आजारी पडली. पांढरं जाय, पाळीत अंगावरून अतोनात जाय, ओटीपोटात कळ मारे. घोट्यापर्यंत रगत आलं तरी मोळी डोक्यावर. घरी आली त भिताडासारखी पांढरी. एका दवाखान्यात पोट दाबून पाह्यलं अन् म्हटलं, पिशवी सडली, काढून टाका. तारीख ठरली. मुकादमाले संतोषनं सांगितलं का औंदा बायको पक्की राहीन, एकबी खाडा नाई.

आमच्यात दवाखान्यात मोकळ्या हातानं जात नाई, चुड्या भरून जातात. म्हणून आदल्या दिवशी रेखा बूबूसमोर बसली. बूबूनं चुडी हाडावर आणली अन् थांबली.

"कुठी चालली?"

"दवाखान्यात."

"कायले?"

रेखानं माह्याकडं पाह्यलं. मी खाली पाह्यलं. बूबूनं चुडी हलवली नाई. मंग रेखानं सारं सांगितलं, हळूहळू, चुडीकडं पाहत.

"सडली असं कोण म्हणते?"

"दवाखान्यातले. पोट दाबून पाह्यलं."

"दाबून त मीबी पाहतो. मी कोणाचा हात तोडत नाई." मंग ती माह्याकडं वळली. "पारबती, तुही पिशवी निघाली ना? मंग सांग तिले. निघाल्यावर कसं असते?"

काय सांगू तुमाले, माह्या उभ्या जन्मात हे मले कोणी इचारलं नव्हतं. ना मायनं, ना नवऱ्यानं. तोंड उघडलं त आवाज कोणाचा हाय तेच मले कळे नाई. मी सांगितलं. पोटातलं दुखणं एक साल थांबलं अन् मंग कंबरेत उतरलं. ऐन थंडीत अंग भट्टीसारखं पेटे, मी पहाटं दवात जाऊन उभी राहो. हाडं अशी ठिसूळ झाली का पाटात पाय घसरला त मनगट मोडलं. मुकादमानं खाडा धरला नाई, पण भरला हंडा उचलाले माहा हात उठे नाई. संगच्या बाया अजून तरण्या होत्या अन् मी बुढी झाली होती.

बूबूनं उरलेली चुडी सरकवली, दोन बोटानं फिरवली. "ऐकलं? आता तू ठरव. पण कापाच्या आधी सरकारी डाक्टरीणबाईले दाखवून त घे. कापलेलं कोणी जोडून देत नाई."

तेवढ्यात संतोष आला. त्यानं अर्धंमुर्धं ऐकलं होतं. "बूबू, उद्याची तारीख हाय. मुकादमाले मी शब्द देला."

बूबू बसल्याजागून म्हणे, "शब्द तू देला ना बेटा? मंग पिशवी तिची कायले जाते?"

मले वाटलं आता भांडण होते. पण रेखा उठली, पदर खोचला, अन् त्याले म्हणे, "मी मंगरूळले डाक्टरीणबाईकडं जातो. तुमी येता का आत्याबाईले घेऊन जाऊ?" नवऱ्यासमोर इतकं लांब वाक्य ती पह्यल्यांदा बोलली असन. मले असं वाटे जसं माहंच लगन लागून राह्यलं.

सकाळच्या एसटीनं आमी सारे गेलो. बूबू दवाखान्याच्या पायरीवर पेटी घेऊन बसलेलीच होती. डाक्टरीणबाईनं रेखाले आत घेतलं, नीट तपासलं, मशीनवर पाह्यलं. म्हणे, पिशवीले काई झालं नाई, जंतू झाले हाय, गोळ्यानं बरं होईन, अन् रगत वाढवाले लागन. गोळ्या दोघायले देल्या, नवऱ्यालेबी.

संतोष भाईर येऊन म्हणे, "मले काय झालं? मले कायले गोळ्या?"

बूबू म्हणे, "एक बैल धुतला अन् दुसरा चिखलातच ठेवला, त गोठा साफ होते का?"

दवाखान्याच्या बाकड्यावरच्या बाया तोंडाले पदर लावून हासल्या. संतोषनं तिथीच गोळी गिळली, बिगर पाण्याची.

रेखा बरी झाली, डाक्टरीणबाईनं पुन्हा तपासून हो म्हटलं, तवा बूबूनं तिले वाटी देली. पह्यल्या दिवशी रेखा आतल्या खोलीतून रडतच आली. "नाई जमत. दुखते." बूबूनं तिचा हात धरला. "सारं अंग काठीसारखं करून बसली असन. मी चुडी भरतो तवा काय सांगतो? हात ढिला. तसंच हाय. वाटी दुमड, दम सोड, अंग ढिलं सोड. घाई करू नको, वाटीले वाट ठाऊक हाय." माही शेजारीण दारातून म्हणे, "पोटात वर चढून गेली त?" बूबू म्हणे, "वर दरवाजा बंद हाय माय. ती काय अकोल्याच्या एसटीत बसून जाते?" आतून रेखाचं हासणं ऐकू आलं. अन् हासता हासताच तिले जमलं. भाईर आली, अंगणात एक चक्कर मारली, दुसरी मारली, अन् पोरीले खांद्यावर घेऊन चक्क नाचली. मी पाहून राह्यली होती. आमच्या बखतले हे असतं त. पण जाऊ द्या.

हंगाम लागला, गाडी गेली. काई दिवसानं रेखाचा फोन आला. "आत्याबाई, मी एकदम मस्त हाओ. मोळी वाहतो, गाडी भरतो, कोणाले कळतबी नाई. आता टोळीतल्या साऱ्या जणी वाटी मांगतात. आमी नंबर लावला. माही झाली का सुमन घेते, तिची झाली का तिची जाऊ."

मले लय आनंद झाला. टोळीत तवा एक, पाटा एक, हंडे सारे मिळून, मंग वाटीबी सारे मिळून, ह्यात काय वाईट? बाजाराच्या दिवशी मोठ्या कवतिकानं मी बूबूले सांगितलं. तिच्या हातातला चहा लुगड्यावर सांडला.

"पारबती, ती काय पाटा-वरवंटा हाय का? एकीचा रोग दुसरीले जाईन."

"उकळून घेतात म्हणे."

"उकळू दे नाई त तळू दे. जिची तिचीच पाह्यजे. लाव फोन."

फोन लावला. बूबू भर बाजारात उभी राहून ओरडली, भाजीवाले थांबले, एक वांग्याचा ढीग गडगडला. "टोपल्यातली भाकर वाटून खा, दुःख वाटून घ्या, पण वाटी वाटू नका. मी येतो, तोवर कोणी हात लावाचा नाई."

संस्थेची पोरगी म्हणे, पोस्टानं पाठवतो. बूबू म्हणे, "वाटी जाईन पोस्टानं. ढिला हात कोण पाठवीन?" अन् तिनं माह्याकडं पाह्यलं. मी म्हटलं, मीबी येतो.

जऊळक्याच्या स्टेशनावरून आमी दोघी बुढ्या गाडीत बसलो. माह्या मांडीवर चुड्याची पेटी, बूबूच्या मांडीवर वाट्याचं गठुडं. जन्मभर मी त्या उसाच्या मुलखात गेली ती ट्रकमधी, भांड्यावर बसून, लेकरू कडेवर घेऊन. ह्या खेपेले खिडकीजोळ बसली. बूबू फुटाणे खाऊन राह्यली होती अन् डब्यातल्या बायायचे हात मांगून मांगून दाबून राह्यली होती. स्टेशन येण्याआधीच तिघी-चौघींच्या हातात नव्या चुड्या.

फडात पोचलो त साऱ्या बाया कोयते टाकून धावल्या. बूबू उसाच्या वाढ्यावर, म्हंजे तोडलेल्या शेंड्याच्या ढिगावर बसली. एकेकीचा हात घ्याची, चिरलेला, काळा पडलेला, अन् तेल लावून चुडी भराची, अन् भरता भरता जिची तिले वाटी देऊन सांगाची. मुकादम आला. "ओ चुडीवाली, टाइम खराब करू नको. गाडी भराची हाय."

"भर ना. तुहे हात मोकळे हाय. का तुह्याबी हातात चुडी भरू?"

गडीबी हासले. मुकादम गेला फडाच्या भाईर तमाखू थुकाले अन् बराच टाइम आलाच नाई. त्या सांजेले कोपी-कोपीतून, म्हंजे पाचटाच्या झोपड्यातून, वाट्या उकळाचं पाणी चुलीवर चढलं. सुमन चूल फुकत म्हणे, "आज भाजी कोणती?" अन् साऱ्या टोळीच्या बाया पोट धरून हासल्या.

शेवटी एक जण आली, तुळसा तिचं नाव, रेखाच्याच वयाची. हात समोर केला. म्हणे, "बूबू, माही त मागच्या सालीच काढली. मले काय देता?"

बूबू तुळसाचा हात दाबत राह्यली. मंग म्हणे, "मले यायले उशीर झाला माय." पेटीतल्या सगळ्यात चांगल्या लाल चुड्या काढल्या, एक एक करून भरल्या, अन् मले म्हणे, "पारबती, बस हिच्याजोळ." मी बसली. भाकरी होईलोक आमी बोललो. अंगातली गरमी, कंबर, हाडाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात कुठी भेटतात, सारं. तुळसा म्हणे, "मले वाटे हे माह्या एकटीलेच होते."

वापस येताना बूबूनं फुटाण्याची पुडी सोडलीच नाई. मंग एकदम म्हणे, "हात लय बाकी हाय, पारबती." अन् तसंच केलं तिनं. शिरपूरपासून तिकडं कुठी कुठी पेटी घेऊन हिंडली. उन्हाचं हिंडू नको म्हटलं त म्हणे, "ऊन बायायलेबी लागतेच ना फडात."

उन्हाळ्यात एका गावाहून आली, दारात बसली, पोरीले पाणी मांगतलं, अन् पाणी येईलोक गेली.

आमाले निरोप भेटला तवा रेखा वापस आली होती. आमी दोघी पह्यल्या एसटीनं गेलो. अंगणात मांडवाखाली माणसं बसली होती, आत बाया. मी लुगड्यातली बुढी, कोणाले ओळखीची नाई. तिचा मोठा दीर उठला, चांगला माणूस, हात जोडून म्हणे, "बाई, कुठून आल्या? आमच्या बूबू तुमच्या कोण लागत?"

चुड्या भरत होती, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. रेखा मांगून माहा पदर ओढून राह्यली होती. आतापर्यंत माणसासमोर मी फक्त पोट दुखते एवढंच म्हटलं होतं, नवऱ्यालेबी तेवढंच.

मी म्हटलं, "माह्या सुनेची गर्भपिशवी हिनं वाचवली. ही पाहा माही सून. कापाले निघालो होतो, हिनं आडवलं."

माणसायनं माना खाली घातल्या. मी खाली पाह्यलं नाई.

आतून, भिंतीजोळच्या गर्दीतून, एका पोरीचा आवाज आला, "माहीबी."

मंग बूबूची पोरगी उठली. डोळे सुजलेले. तिनं आपल्या बाजूची चटई सरकवली अन् म्हणे, "इकडं या मावशी. अम्मीजोळ बसा."